अंगणातील पाकशाळा व पाण्याचे टाके : आखणीचा विचार

आपल्या समाजात घर बांधणे म्हणजे केवळ राहण्याची सोय करणे नव्हे. घरी आहारदानाचा लाभ घडावा, पर्युषणात तपस्व्यांचे पारणे व्हावे, लग्नकार्यात पाहुण्यांची पंगत बसावी, हा विचार घराच्या आखणीत प्रथमपासून असतो. यास्तव आपल्या वडीलधाऱ्यांनी घरामागे परस राखले, परसात भट्टीची जागा ठेवली आणि पाण्याचा हौद बांधला. पुढे गावातील भूखंड लहान झाले, घरे सिमेंटची झाली आणि परस नाहीसे झाले. पंगती मंगल कार्यालयांत गेल्या.

आता काळ पुन्हा फिरला आहे. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौसर तालुका त्यात आला. नागपूर-बैतूल आणि नागपूर-छिंदवाडा या दोन रस्त्यांच्या आसपास संत्र्याच्या बागांमध्ये शेतघरे उभी राहत आहेत. आपली तरुण मंडळी इटली, स्पेन, ग्रीस या देशांतील समुद्रकाठच्या घरांची चित्रे मोबाईलवर पाहते आणि नकाशा काढणाऱ्यापुढे तीच ठेवते. त्या चित्रांत दोन गोष्टी हटकून असतात : उघड्यावरील स्वयंपाकघर आणि निळ्या पाण्याचा पोहण्याचा हौद. घरातील वडील मंडळी दोन्हींना नाके मुरडतात, तरुण मंडळी दोन्हींचा आग्रह धरते आणि घराचा आराखडा वादात अडकून राहतो.

प्रस्तुत लेखकाचे मत असे आहे की, या दोन गोष्टींना एकच न्याय लावणे योग्य नाही. उघड्यावरील पाकशाळा ही मुळात आपलीच आहे. ती अवश्य बांधावी, मात्र आपल्या उन्हाला व आपल्या आचाराला धरून बांधावी. पोहण्याच्या हौदाच्या जागी मात्र झाकलेले पावसाच्या पाण्याचे टाके बांधावे. असे का, याचा विचार हिशेबानिशी पुढे केला आहे.

भूमध्य समुद्राकाठची मूळ रीत

चित्रांतील निळा हौद ही त्या प्रदेशाची जुनी रीत नव्हे. इटलीच्या किनाऱ्यावरील पाँपेई हे नगर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले व पुढे उत्खननात सापडले. तेथील श्रीमंतांच्या घरांत मधोमध चौक आहे. चौकावरील छप्पर चारही बाजूंनी आत उतरते आणि मध्ये उघडे असते. त्या उघड्या भागाखाली उथळ कुंड असून कुंडातील पावसाचे पाणी जमिनीखालील टाक्यात उतरत असे. चौकाची शोभा आणि घराचे पाणी अशी दोन्ही कामे त्या एका रचनेने साधत.

व्हेनिस हे व्यापाऱ्यांचे नगर तर समुद्रातच वसलेले. चहूकडे पाणी, परंतु ते खारे. तेथील चौकांत ज्या सुबक दगडी विहिरी दिसतात, त्या वस्तुतः विहिरी नाहीत. चौकाखाली चिकणमातीचा थर देऊन त्यात वाळू भरलेली असे. पावसाचे पाणी त्या वाळूतून गाळून मधल्या नळकांड्यात साठत असे आणि लोक तेथून ते उपसून घेत.

आपल्याकडे अहमदाबादच्या पोळींतील जुनी घरे याच जातीची आहेत. जैन व वैष्णव व्यापाऱ्यांच्या त्या घरांत चौकाच्या फरशीखाली टाके असे. छपरावरील पावसाचे पाणी त्यात उतरवून ते वर्षभर पिण्यासाठी वापरीत. पाँपेई आणि अहमदाबाद यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तथापि वर्षातील बराच काळ पाऊस नाही, ही अडचण दोघांची सारखीच होती, आणि म्हणून दोघांना उपायही एकच सुचला.

अलीकडे त्या समुद्राकाठी निळ्या हौदांची रीत वाढली, तिची झळ तेथील लोकांनाच लागली आहे. फ्रान्सच्या दक्षिण टोकाला स्पेनला लागून असलेल्या जिल्ह्यात २०२३ च्या दुष्काळात घरगुती तयार हौदांची विक्रीच बंद करण्यात आली. स्पेनमधील बार्सिलोना व भोवतालच्या प्रदेशात फेब्रुवारी २०२४ मध्ये पाण्याची आणीबाणी पुकारावी लागली आणि पोहण्याचे हौद भरण्यावर बंधने आली. ज्यांचे पाहून आपण हौद बांधू म्हणतो, त्यांनाच तो असा जड झाला आहे.

पाकशाळेची जागा

त्यांची उघड्यावरील पाकशाळा संध्याकाळसाठी असते. ऊन उतरल्यावर दिवे लागतात, शेगडी पेटते आणि रात्री उशिरा जेवण होते. आपला आचार याच्या नेमका उलट आहे. आपले जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपले पाहिजे. आपल्या भागात डिसेंबरच्या आरंभी साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तर जूनअखेर सातच्या सुमारास. शंभर पानांची पंगत वेळेत उठावयाची तर हिवाळ्यात दुपारी दोनपूर्वी आणि उन्हाळ्यात तीनच्या आसपास भट्टी पेटलीच पाहिजे. म्हणजे आपली पाकशाळा ही दुपारची पाकशाळा होय. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना आचारी, त्याचे मदतनीस आणि घरच्या स्त्रिया तेथे चार-चार तास उभ्या असतात. चित्र पाहून पाकशाळा बांधणारा ही गोष्ट विसरतो आणि तिचे प्रायश्चित्त चुलीपुढे उभे राहणाऱ्यास भोगावे लागते.

म्हणून पहिला प्रश्न सावलीचा. पाकशाळा घराच्या पूर्वेस किंवा आग्नेयेस असावी. मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास घराची सावली पूर्वेकडे घराच्या उंचीहून काहीशी लांब पडते. पश्चिमेचे ऊन सर्वांत तापदायक. ते अशा रीतीने घरच आपल्या अंगावर घेते आणि पाकशाळा सावलीत राहते. पश्चिमेस बांधलेल्या पाकशाळेला कितीही उंच मांडव घातला तरी उतरते ऊन त्याच्या खालून आत शिरते.

दुसरा प्रश्न वाऱ्याचा. आपल्याकडे उन्हाळ्यातील वारा बहुतांशी पश्चिमेकडून व वायव्येकडून येतो आणि पावसाळ्यातील पश्चिम-नैर्ऋत्येकडून. पूर्वेकडील भट्टीचा धूर त्यामुळे घरापासून दूर जातो. हिवाळ्यात मात्र वारा उत्तर-ईशान्येचा असतो. त्यासाठी घर व भट्टी यांत निदान पंधरा फुटांचे अंतर ठेवावे आणि भट्टीवरील छप्पर मध्ये उंच करून धुराला वाट द्यावी. वास्तुशास्त्रात अग्नीसाठी आग्नेय दिशा सांगितली आहे. श्रद्धावंतांनी ती श्रद्धेने पाळावी. इतरांनी ऊन व वारा पाहून पाळावी. दोघांचीही सोय तेथेच आहे.

ओटा, फरशी व गॅस

घरातील ओटा बत्तीस ते चौतीस इंच उंच असतो. त्याच मापाने बाहेरचा ओटा बांधला तर पन्नास माणसांचे पातेले त्यावर ठेवताच त्याचे तोंड छातीशी येते आणि ढवळणाऱ्याच्या हातावर व तोंडावर वाफ येते. म्हणून दोन उंच्या ठेवाव्यात : पोळ्या, भाजी चिरणे व वाढप यांसाठी नेहमीचा ओटा, आणि मोठ्या भट्टीसाठी सुमारे दीड फुटाचा बैठा ओटा. दोन भट्ट्यांमध्ये चार फूट मोकळी वाट असावी. उकळते पातेले घेऊन दोन माणसे जाताना तिसऱ्याला धक्का लागू नये, एवढी ती रुंदी आहे.

फरशी खरखरीत शहाबादीची घ्यावी, गुळगुळीत टाइल्सची घेऊ नये. उतार पाच फुटांस एक इंच द्यावा, म्हणजे धुतलेले पाणी थांबत नाही. आपल्या दृष्टीने ही गोष्ट केवळ घसरण्यापुरती नाही. पाणी साचले की शेवाळ धरते, आणि शेवाळात अनंत जीवांचा वास आपण मानतो. ओली फरशी घासून शेवाळ काढण्याची वेळ यावी, यापेक्षा ती धरणारच नाही असा उतार आरंभीच देणे हे अहिंसेला अधिक धरून आहे. त्याच न्यायाने भांडी घासण्याची मोरी वेगळ्या कोपऱ्यात, टाक्यापासून दूर ठेवावी. तिचे पाणी लहान कुंडीतून न्यावे. तेलकट तवंग कुंडीत अडतो आणि उरलेले पाणी केळी व कर्दळीच्या वाफ्यात सोडता येते.

दिव्यांविषयी एक सूचना. जेवण दिवसा होत असल्याने भट्टीवर प्रखर दिव्यांची गरज नाही. आवराआवरीसाठी दिवा हवा असल्यास तो पाकशाळेपासून काही अंतरावर, खाली झुकलेला लावावा. पावसाळ्यात किडे दिव्याकडे झेपावतात. दिवा भट्टीवर असेल तर ते भट्टीतच पडतात. लाकडे वापरणाऱ्यांनी ती जमिनीपासून उंच घडवंचीवर रचावीत व झटकून, तपासूनच चुलीत घालावीत.

गॅसचे सिलिंडर उभे, सावलीत व भट्टीपासून भिंतीने वेगळे केलेले असावे. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असतो. गळती झाल्यास तो वर न जाता जमिनीलगत पसरतो व खोलगट जागेत साचतो. म्हणून सिलिंडरची जागा टाक्याच्या झाकणाजवळ, मोरीजवळ वा गटाराच्या तोंडाजवळ कदापि नसावी. उघड्यावर आहे म्हणजे धोका नाही, ही समजूत खोटी आहे.

पाण्याचा हिशेब

व्यापारी माणसाला आवक, जावक व शिल्लक यांखेरीज समाधान होत नाही. पाण्याचीही तशीच खतावणी मांडून पाहू.

आवक : एक चौरस फूट छपरावर एक इंच पाऊस पडला म्हणजे सुमारे २.३६ लिटर पाणी मिळते. हजार चौरस फुटांच्या छपरावर एका इंचास २,३६० लिटर झाले. आपल्या भागात हंगामात तीस इंचच पाऊस धरला, तर ७०,८०० लिटर होतात. पहिल्या सरींचे सोडून दिलेले, उडालेले व सांडलेले पाणी म्हणून पाचवा हिस्सा वजा केला तरी सुमारे ५६,६०० लिटर हाती राहतात.

जावक : आठ माणसांच्या कुटुंबास पिण्यास व स्वयंपाकास माणशी दहा लिटर धरू, म्हणजे रोजचे ऐंशी लिटर. ऑक्टोबरच्या मध्यापासून मृग नक्षत्र निघेपर्यंत सुमारे २४० दिवस होतात. त्यांस १९,२०० लिटर पुरतात. दहा फूट लांब, दहा फूट रुंद व सात फूट पाणी राहील एवढे खोल टाके घेतले, तर त्यात सुमारे १९,८०० लिटर मावतात. म्हणजे एका खोलीएवढ्या जागेत कुटुंबाचे आठ महिन्यांचे पिण्याचे पाणी बसते आणि छपराचे निम्म्याहून अधिक पाणी विहिरीच्या वा कूपनलिकेच्या पुनर्भरणास उरते. पंगतीसाठी स्वयंपाक, पिणे व भांडी मिळून माणशी पंधरा लिटर धरावेत. शंभर पानांस दीड हजार लिटर. वर्षातून दोन-तीन पंगती असतील तर टाके थोडे मोठे घ्यावे.

आता पोहण्याचा हौद. तीस फूट लांब, पंधरा फूट रुंद व सरासरी साडेचार फूट खोल असा साधा हौद घेतला, तरी तो भरण्यास सुमारे ५७,००० लिटर लागतात. म्हणजे हजार फुटांच्या छपराचा संपूर्ण पावसाळा त्यात रिता झाला. शिवाय तो उघडा. मे महिन्यातील उन्हात व कोरड्या वाऱ्यात उघड्या पाण्याची पातळी रोज सुमारे अर्धा इंच घटते. या हौदातून त्या हिशेबाने दररोज ५३० लिटर पाणी हवेत जाते. आठ माणसांचे पिण्याचे साडेसहा दिवसांचे पाणी, कोणी न पिता, कोणी न पोहता, एका दिवसात उडून जाते.

हे नुकसान भरून काढावयाचे ते कोठून? विहिरीतून किंवा कूपनलिकेतून. आपल्या भागात पुष्कळ ठिकाणी खाली दख्खनचा काळा पाषाण आहे. त्यात पाणी केवळ भेगांतून व झिजलेल्या थरांतून राहते. एकाने अधिक उपसले की शेजारच्या विहिरीचा तळ दिसू लागतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत आंबिया बहाराची फळे झाडांवर असतात. त्यांना पाणी चुकले तर फळगळ होते. आपण धान्याचे व्यापारी असू, संत्र्यांचे अडते असू किंवा कापडाचे दुकानदार असू, आपली उलाढाल शेतकऱ्याच्या हंगामावर चालते. त्याच्या झाडाचे पाणी आपल्या हौदात उडू देणे हे धर्माच्या दृष्टीने तर वाईटच, परंतु व्यवहाराच्या दृष्टीनेही अदूरदर्शी आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, ही गोष्ट फार जुनी नाही.

टाके कसे बांधावे

टाक्यासाठी ईशान्य बाजू घ्यावी. ती भट्टीपासून दूर राहते. संडासाचा शोषखड्डा शेतघरात टाक्यापासून निदान पन्नास फूट दूर व उताराच्या खालच्या बाजूस असावा.

आपल्या काळ्या मातीचा स्वभाव ध्यानात घ्यावा. ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. त्या ताणाने साध्या विटांच्या टाक्यास तडे जातात. म्हणून काळी माती काढून मुरूम लागेपर्यंत खणावे, टाके लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटचे करावे आणि भिंतींच्या बाहेरील पोकळी काळ्या मातीने न भरता मुरुमाने भरावी. भर पावसाळ्यात टाके पूर्ण रिकामे ठेवू नये. भोवतालची जमीन पाण्याने भरली असता रिकामे टाके वर उचलले जाण्याचा धोका असतो.

आषाढ लागण्यापूर्वी छप्पर झाडून घ्यावे. पाऊस सुरू झाल्यावर जीवजंतूंची उत्पत्ती वाढते. तत्पूर्वी सफाई केल्यास हिंसा अल्प होते व पाणीही निर्मळ येते. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी बाजूच्या नळाने बाहेर सोडावे. नंतरचे पाणी गोटे, बारीक खडी, कोळसा व वाळू यांच्या थरांतून टाक्यात उतरवावे. टाक्याला घट्ट झाकण, आणि हवेच्या व जादा पाण्याच्या नळीस बारीक जाळी हवी. उजेड न मिळाल्याने आत शेवाळ धरत नाही आणि डासांना अंडी घालण्यास वाव राहत नाही. उघड्या पाण्यात डास होऊ द्यावयाचे आणि मग औषध फवारून ते मारावयाचे, यापेक्षा मारण्याची वेळच येऊ न देणे हा आपला मार्ग होय.

पाणी गाळण्याचा आचार पाळणाऱ्यांसाठी एक सोय आवश्यक आहे. दुहेरी जाड कापडाने पाणी गाळल्यावर गळण्यावर राहिलेली जिवाणी ज्या पाण्यातून आली त्याच पाण्यात परत सोडावयाची असते. केवळ मोटारपंप व नळ बसविला तर ती परत सोडण्यास मार्गच उरत नाही. म्हणून झाकणात दीड फुटाची खिडकी ठेवावी. तेथे तळाला कडी असलेली बादली दोरीने अडकवून ठेवावी, म्हणजे जिवाणी वरून न फेकता पाण्याच्या पातळीपर्यंत हळूच उतरविता येते. गाळलेल्या पाण्याची मर्यादा एका मुहूर्ताची, म्हणजे ४८ मिनिटांची. त्यामुळे गाळण्याची जागा पाकशाळेच्या वाटेवरच असावी. पंगतीच्या गर्दीत दूरचे काम टाळले जाते.

टाके साफ करताना अत्यंत सावध असावे. बराच काळ बंद असलेल्या टाक्यात श्वासास योग्य हवा नसते आणि उतरणारा माणूस पाहता पाहता बेशुद्ध होतो. त्याला काढण्यास उतरलेला दुसराही तेथेच पडतो. सर्व झाकणे कित्येक तास उघडी ठेवावीत, पंख्याने हवा खेळवावी, उतरणाऱ्याच्या कमरेस दोर बांधावा व वर दोन माणसे उभी ठेवावीत. डिझेलचा पंप आत उतरवू नये. मजुरीने आलेला माणूसही कोणाचा तरी मुलगा असतो.

हौदाचा आग्रह असेलच तर

तरुणांना केवळ नकार देऊन प्रश्न सुटत नाही. पोहणे हा उत्तम व्यायाम आहे, हे मान्य केले पाहिजे. तथापि अगाळित पाण्यात तासन्‌तास राहणे आणि त्यातील जीव मारण्यासाठी सतत औषध घालणे हे आपल्या आचाराशी जुळत नाही, हेही त्यांना समजावून सांगावे. एवढे होऊनही एखाद्याने हौद बांधावयाचे ठरविलेच, तर त्याने चार बंधने पाळावीत. प्रथम पिण्याचे टाके बांधावे व मगच हौद. हौद छपराच्या शिलकी पाण्यानेच भरावा, उन्हाळ्यात विहिरीला हात लावू नये. वापर नसताना तो पूर्ण झाकावा. आणि चहूबाजूंनी चार फुटांचे कुंपण घालून त्यास आपोआप बंद होणारे फाटक बसवावे. फ्रान्सने २००३ च्या कायद्याने खासगी हौदांना कुंपण, आच्छादन, छप्पर किंवा धोक्याची घंटा यांपैकी एक उपाय सक्तीचा केला, तो लहान मुले बुडण्याच्या घटनांमुळेच. लग्नघराच्या गडबडीत सर्वांचे लक्ष सर्वत्र असते, परंतु एका मुलावर कोणाचेच नसते.

त्यापेक्षा सुंदर मार्ग असा की, टाक्यावरच दगडी फरशीचा प्रशस्त ओटा करावा, त्यावर मांडव किंवा निंबाची सावली असावी. उन्हाळ्याच्या संध्याकाळी जेवण उरकून कुटुंब तेथे बसेल. पायाखाली पाण्याचा साठा, समोर थंडावलेली पाकशाळा आणि भोवती संत्र्याची बाग. भूमध्य समुद्राकाठच्या जुन्या घरधन्याने आपल्या चौकात याहून वेगळे सुख मानले नव्हते.

ज्यांना स्वतंत्र जागा नाही, त्यांनी खंत करू नये. धर्मशाळेच्या वा मंदिराच्या आवारात सर्वांनी मिळून एक सावलीची पाकशाळा व एक मोठे टाके बांधले, तर अनेक घरांचे कार्य होईल. आपल्या संघटनेने हा विषय आगामी बैठकीत घ्यावा, अशी नम्र सूचना आहे. नवे घर बांधणाऱ्यांनी नकाशावर सही करण्यापूर्वी एवढेच करावे : छपराचे चौरस फूट मोजावे, घरातील माणसे मोजावी, उन्हाची व वाऱ्याची बाजू पाहावी, आणि जेथे आचारी उभा राहणार तेथे मे महिन्यात दुपारी चार वाजता स्वतः पाव तास उभे राहून पाहावे. आराखड्यात काय असावे व काय नसावे, हे त्या पाव तासात पुष्कळसे कळून येईल.

जय जिनेंद्र.